कॉब मागा, पाव मिळेल

नॉटिंगहॅममधला माझा तिसरा दिवस. ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. काउंटरमागच्या बाई साठीच्या आसपासच्या. माझी पाळी आली तशी मान वर न करताच त्यांनी विचारलं, 'कॉब, डक?'

कॉब म्हणजे मक्याचं कणीस आणि डक म्हणजे बदक, एवढं इंग्रजी मला पाचवीपासून येत होतं. दोन्ही मिळून काहीतरी भारीतला पदार्थ असणार आणि तो महागही असणार, असा हिशोब करून मी म्हणाले, 'नको, मला साधा ब्रेड रोल द्या, चीज घालून.' बाई थांबल्या. टोपलीतला एक गोल पाव उचलून त्यांनी माझ्या नाकासमोर धरला आणि लहान मुलाला शिकवावं तसं सावकाश म्हणाल्या, 'कॉब.'

बदक मीच होते, हे कळायला आणखी दोन दिवस गेले. त्या भागात बसचा ड्रायव्हर प्रवाशाला, दुकानदार गिऱ्हाइकाला, एक बाप्या दुसऱ्या बाप्याला बिनदिक्कत 'डक' म्हणतो, कोल्हापुरात 'भावा' म्हणतात तसं. पुढच्या दीड वर्षात असं बरंच काही गोळा झालं. जरा गार वारं सुटलं की कुडकुडणारा माणूस 'नेश'. तोंड फुगवून बसलेलं पोर 'मार्डी'. आभाळ भरून आलं की म्हणायचं, 'बिलच्या आईकडे काळं झालंय'. हा बिल कोण आणि त्याची आई राहते कुठे, हे तिथल्या एकालाही मला सांगता आलं नाही. पावाचं तर विचारूच नका. नॉटिंगहॅमचा कॉब मँचेस्टरला 'बार्म' होतो, कॉव्हेंट्रीत 'बॅच' होतो. न्यूकॅसलला गेलात तर चपटा, मोठा 'स्टॉटी' हातात पडेल, आणि हा पाव वेगळाच आहे असं तिथले लोक शपथेवर सांगतील.

इंग्रजी माध्यमातून शिकून, इंग्रजीत नोकरी करून, इंग्लंडमध्ये मला पाव मागता येईना. मग मी इतकी वर्षं शिकले ती कुठली इंग्रजी? आणि या बाई बोलत होत्या ती 'चुकीची' होती का?

अंड्यांचा किस्सा

पावाच्या जागी अंडी घातली तर माझी गोष्ट पाचशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक किस्सा सांगितला आहे. काही व्यापारी जहाजाने टेम्स नदीतून समुद्रापलीकडे निघाले होते. वारा पडला, जहाज अडकलं, म्हणून ते किनाऱ्यावर उतरले. त्यांतला शेफील्ड नावाचा एकजण एका घरी गेला आणि त्याने खायला काही मागितलं, त्यातही 'एग्ज' मागितली. घरच्या बाई म्हणाल्या, मला फ्रेंच येत नाही. शेफील्डचं डोकं फिरलं, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसरा कुणीतरी म्हणाला, याला 'एयरेन' हवीत. तेव्हा बाई म्हणाल्या, आता कळलं.

दोन्ही शब्द इंग्रजीच. 'एयरेन' हा दक्षिणेतला जुना शब्द. 'एग' उत्तरेकडून आलेला. नवव्या-दहाव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत व्हायकिंग येऊन वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतला. 'स्काय', 'विंडो', 'टेक', इतकंच काय 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंही त्याच वाटेने आली. आज 'एयरेन' कुणाला ठाऊक नाही आणि 'एग' जगभर चालतं. म्हणजे त्या बाईंचा पिढीजात शब्द मेला आणि त्यांना फ्रेंच वाटलेला शब्द जगला.

कॅक्स्टनची अडचण धंद्याची होती. तो विचारतो, आजच्या दिवसांत माणसाने लिहायचं तरी काय, एग्ज की एयरेन? बोलणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तो समोरच्याचा चेहरा बघून शब्द बदलतो. छापणाऱ्याला मात्र एकदाच खिळे जुळवायचे असतात आणि प्रती सगळीकडे विकायच्या असतात. त्याला कुठली तरी एक बोली धरावीच लागते. कॅक्स्टन स्वतः केंटचा, आणि आपल्या गावाकडची इंग्रजी किती रांगडी आहे हे त्यानेच लिहून ठेवलंय. पण छापताना त्याने गाव धरलं नाही. जिथे राजा, कचेऱ्या आणि पैसेवाले वाचक होते, तिथली भाषा धरली.

लंडनच का, याचं उत्तर फार गुंतागुंतीचं नाही. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची तीनेकशे वर्षं दरबार आणि कोर्ट फ्रेंच-लॅटिनमध्ये चाललं. इंग्रजी शेतावर आणि चुलीपाशी राहिली, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात आपापल्या वाटेने वाढली. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टातलं बोलणं इंग्रजीत व्हावं, कारण पक्षकारांना आपल्याच खटल्यात काय चाललंय ते कळत नव्हतं. तोवर लंडन फुगत चाललं होतं. कामासाठी तिथे जे लोक आले त्यांतले पुष्कळ देशाच्या मध्य-पूर्वेकडचे होते, आणि त्यांच्या बोलण्याचा लंडनच्या भाषेवर ठसा उमटला. नॉटिंगहॅम त्याच बाजूला येतं. म्हणजे कँटीनमधल्या बाईंच्या पणज्यांच्या बोलीशी माझ्या पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीचं लांबचं का होईना, नातं आहे.

१५८९ मध्ये जॉर्ज पुटनम या लेखकाने कवींना सल्ला दिला की दरबाराची, लंडनची आणि लंडनपासून साठ मैलांच्या आतली भाषा वापरा. सल्ल्यापेक्षा त्याची कबुली मला जास्त महत्त्वाची वाटते. तो म्हणतो, उत्तरेकडच्या लोकांची इंग्रजी आजही जास्त शुद्ध सॅक्सन आहे हे कुणी नाकारू शकत नाही, पण ती दरबारी नाही आणि चलनात नाही.

हे वाक्य मराठी माणसाने दोनदा वाचावं असं आहे. प्रमाण भाषेला आपण सर्रास 'शुद्ध' भाषा म्हणतो. शाळेत विषयच 'शुद्धलेखन' असतो, आणि गावाकडचं बोलणं 'अशुद्ध' ठरतं, जणू काही विटाळ झालाय. पुटनमच्या लेखी शुद्ध ही एक गोष्ट होती आणि चलनी ही दुसरी. मराठीत 'प्रमाण' हा शब्द खरं तर फार चांगला आहे. प्रमाण म्हणजे माप. वार, शेर, पायली ठरवून घेतात तसं. बाजारात सगळ्यांचं माप एक असलं की व्यवहार सोपा होतो, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या गावचा शेर लहान-मोठा असेल, पण तो अपवित्र नसतो.

तर्काचा शेंदूर

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये व्यापारातून नवा पैसा आला. ज्यांच्याकडे आला त्यांना तोंड उघडताच आपलं मूळ कळू नये असं वाटू लागलं. गिऱ्हाईक तयार झालं की माल येतोच. शब्दकोश आले, व्याकरणं आली, उच्चार सुधारून देणारे मास्तर आले.

सॅम्युएल जॉन्सनचा गाजलेला कोश १७५५ चा. साऱ्या इंग्लंडला शब्द पारखून देणारा हा माणूस लिचफील्डचा, म्हणजे देशाच्या मध्यभागातला, आणि त्याच्या बोलण्यातला गावचा हेल शेवटपर्यंत गेला नाही. 'पंच' या पेयाला तो 'पून्श' म्हणे. त्याचा एकेकाळचा शिष्य, प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक, त्याच्या या उच्चाराची नक्कल करून लोकांना हसवत असे.

सात वर्षांनी, १७६२ मध्ये, रॉबर्ट लोथ या धर्मगुरूचं व्याकरण आलं. आपल्यालाही शाळेत घोकायला लावलेला एक नियम त्यात आहे: इंग्रजीत दोन नकार एकमेकांना मारतात आणि अर्थ होकारी होतो. उणे गुणिले उणे अधिक. या हिशोबाने 'आय डोन्ट नो नथिंग' म्हणणारा माणूस 'मला काहीतरी ठाऊक आहे' असं सांगत असतो. पोलिस चौकीत कुणी असं म्हणालं तर हवालदाराने त्याला कबुलीजबाब समजावं का? चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीने आपल्या सरदाराचं वर्णन करताना दोन ओळींत चार नकार घातले आहेत. अर्थ इतकाच की त्याने जन्मात कधी कुणाला वावगा शब्द उच्चारला नाही. तिथे नकार एकमेकांना मारत नाहीत, टेकू देतात. स्पॅनिश आणि रशियन भाषांत आजही असंच चालतं, आणि ते लोक गणितात कच्चे आहेत असं ऐकिवात नाही.

लोथने हा नियम हवेतून काढला असं मात्र म्हणता येणार नाही. सुशिक्षितांच्या लेखनातून दुहेरी नकार त्याच्या आधीच मागे पडत चालला होता. त्याने त्या सवयीला तर्काचा शेंदूर फासला, आणि मग दगडाचा देव झाला. ज्यांच्या घरी जुनी सवय टिकली होती ते एका रात्रीत अडाणी ठरले.

हाच चष्मा पुढे बोटीने मुंबईला आला. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये छापला गेला. मदतीला ब्राह्मण शास्त्री-पंडित. मेजर टॉमस कँडींनी नंतर वर्षानुवर्षं मराठी शाळापुस्तकं तपासली. मराठीत वाक्य कसं असावं, विरामचिन्हं कुठे पडावीत, यावर त्या माणसाची छाप आहे. पुण्याकडची, लिहिणाऱ्या घरांतली मराठी 'मराठी' ठरली आणि बाकीच्या बोली झाल्या. कोश उत्तम आहे, मी अजूनही उघडते. पण माप कुणाच्या घरचं घेतलं गेलं, हे विसरायचं कारण नाही.

'चुकां'चं व्याकरण

बोली म्हणजे प्रमाण भाषेची मोडतोड, या समजुतीची परीक्षा घ्यायला कागद-पेन्सिलही लागत नाही. 'माय'वरून 'मायसेल्फ', 'युअर'वरून 'युअरसेल्फ', 'अवर'वरून 'अवरसेल्व्ह्ज'. याच चालीने 'हिज'वरून काय व्हावं? 'हिजसेल्फ'. 'देअर'वरून 'देअरसेल्व्ह्ज'. इंग्लंडच्या कितीतरी बोलींत अगदी असंच म्हणतात. 'हिमसेल्फ' आणि 'देमसेल्व्ह्ज' म्हणून चाल मोडते ती प्रमाण इंग्रजी. पोरगं 'हिजसेल्फ' लिहितं तेव्हा नियम पाळल्याबद्दल त्याचे मार्क कापले जातात.

आणखी बारीक काम बघायचं तर 'डू' घ्या. प्रमाण इंग्रजीत 'यू डिड इट, डिडन्ट यू?' अनेक बोलींत 'यू डन इट, डिडन्ट यू?' आपण म्हणू, याला 'डन' आणि 'डिड'मधला फरक कळत नाही. उलट आहे. काम प्रत्यक्ष केल्याचं सांगायचं तेव्हा 'डन', आणि नुसतं दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला यायचं तेव्हा 'डिड'. ही वाटणी ते कधी चुकवत नाहीत. 'डन यू गो?' असं तिथे कुणीही म्हणणार नाही. जो फरक प्रमाण भाषेने कधीच पुसून टाकला, तो बोलीने जपलाय.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेतलं, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतलं. 'ही बी वर्किंग.' टीव्हीवरच्या विनोदांत हे वाक्य हमखास अडाणीपणाची खूण म्हणून येतं. एका प्रयोगात लहान मुलांना एक चित्र दाखवलं. मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला, त्यांच्या ओळखीचा कुकी मॉन्स्टर, ज्याची सगळी ओळखच बिस्किटं हाणण्याची, तो आजारी पडून अंथरुणात आहे. शेजारी त्याच कार्यक्रमातला एल्मो बिस्किटं खातोय. विचारलं, 'हू इज ईटिंग कुकीज?' सगळ्यांनी एल्मोकडे बोट दाखवलं. मग विचारलं, 'हू बी ईटिंग कुकीज?' गोऱ्या मुलांनी पुन्हा एल्मो दाखवला. कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांनी दाखवला तो अंथरुणातला, तोंडात बिस्किटाचा कणही नसलेला कुकी मॉन्स्टर.

इंग्रज वाचकाला हे समजावताना भाषाशास्त्रज्ञांना पानंच्या पानं खर्ची घालावी लागतात. आपलं काम दोन शब्दांत होतं. 'बिस्किटं कोण खातोय?' आणि 'बिस्किटं कोण खात असतो?' खातोय एल्मो. खात असतो कुकी मॉन्स्टर. 'बी' म्हणजे आपलं 'असतो'. हा फरक मराठीत आहे, त्या मुलांच्या इंग्रजीत आहे, आणि प्रमाण इंग्रजीत तो दाखवायला 'युज्वली' नाहीतर 'ऑल्वेज' असा एखादा शब्द उसना आणावा लागतो.

तू आणि तुम्हीचंही तसंच. इंग्रजीत पूर्वी 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. मानाने बोलायचं तर एकट्यालाही 'यू'. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक हट्टाने लहानथोर सगळ्यांनाच 'दाऊ' म्हणू लागले, देवापुढे सगळे सारखे म्हणून. न्यायाधीशालाही अरेतुरे! त्यापायी त्यांनी शिव्या आणि मार दोन्ही खाल्ले. पुढे प्रमाण इंग्रजीतून 'दाऊ' गेलाच आणि एकच 'यू' उरला, एकाला आणि अनेकांनाही. बोलींना मात्र ही अडचण सोसवेना. यॉर्कशायरमधल्या जुन्या माणसांनी 'दी' आणि 'दा' सोडलं नाही. 'डोन्ट दी दा मी' म्हणजे 'मला अरेतुरे करायचं नाही', अशी तिथे रीतसर म्हणच आहे. लिव्हरपूलने अनेकवचनासाठी 'यूज' घेतलं, अमेरिकेच्या दक्षिणेने 'यॉल'. आपल्या कॉल सेंटरमधली पोरं ग्राहकांशी बोलताना 'यू पीपल' म्हणून फसतात (ऐकणाऱ्याला ते हिणवणं वाटतं), तेही याच खड्ड्यात पडून.

या सगळ्यावर पहिल्यांदा मनापासून काम करणाऱ्यांत एक माणूस असा होता की त्याची हकिकत रचलेली वाटावी. जोसेफ राइट, जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचं एक खेडं. सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढवं हाकायच्या कामावर. मग कापडगिरणीत. पंधराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नाही. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशियाचं युद्ध सुरू झालं. गिरणीतला एक सोबती पेपर मोठ्याने वाचून दाखवी, ते ऐकून राइटला वाटलं, आपल्यालाही वाचता यायला हवं. तो शिकला, रात्रशाळेत गेला, पैसे साठवून जर्मनीत हायडेलबर्गला गेला, तिथे डॉक्टरेट घेतली, आणि १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश छापून पुरा केला. त्याच्याआधी, १८९२ मध्ये, त्याने एक व्याकरण लिहिलं होतं, लॅटिन किंवा संस्कृतचं लिहावं तितक्याच काटेकोरपणे. ते होतं विंडहिल या त्याच्या स्वतःच्या गावच्या बोलीचं.

तोच 'र', दोन किमती

इथे एक गाठ सोडवायला हवी. बोली वेगळी आणि उच्चार वेगळा. बोलीत शब्द आणि व्याकरण बदलतं, उच्चारात नुसता आवाज. ग्लासगोचा वकील दाट स्कॉटिश उच्चारात अगदी प्रमाण इंग्रजी बोलू शकतो. तसंच प्रमाण म्हणजे सभ्य, असंही नाही. व्याकरणाची एक काडी न मोडता प्रमाण इंग्रजीत आईबहिणीवरून शिव्या देता येतात, आणि बोलीत अत्यंत अदबीने बोलता येतं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांच्या अंदाजाप्रमाणे ब्रिटनमधले १२ ते १५ टक्के लोकच घरातून प्रमाण इंग्रजी घेऊन येतात, आणि ज्याला आपण 'बीबीसी उच्चार' म्हणतो तो जेमतेम ३ टक्क्यांचा. म्हणजे इंग्लंडमध्ये उतरल्यावर भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आपल्या मास्तरांच्या मते चुकीचं बोलत असतो.

कुठला उच्चार उच्च, हे त्या आवाजात नसतं, याचा पुरावा 'र' या एका अक्षरात सापडतो. 'कार', 'फोर्थ', 'फ्लोर' मधला 'र' शेक्सपिअरच्या काळी साऱ्या इंग्लंडमध्ये वाजत असे. अठराव्या शतकात दक्षिणेकडे तो गळू लागला. आज लंडनच्या प्रतिष्ठित उच्चारात तो नाही. 'र' स्पष्ट वाजवला की इंग्रजाला ब्रिस्टलकडचा शेतकरी आठवतो. आता अटलांटिक ओलांडा. न्यूयॉर्कमध्येही एके काळी लंडनची नक्कल म्हणून 'र' गाळणं भारदस्त होतं, पण दुसऱ्या महायुद्धानंतर वारं फिरलं आणि 'र' वाजवणारा प्रतिष्ठित झाला.

१९६२ मध्ये विल्यम लबोव्ह या संशोधकाने हे कसं मोजलं ते ऐकण्यासारखं आहे. तो मॅनहॅटनमधल्या तीन मोठ्या दुकानांत गेला. सॅक्स महागडं, मेसीज मधलं, क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवलं आणि खालच्या नोकरांना विचारत सुटला, बायकांचे बूट कुठे मिळतील? उत्तर यायचं, 'फोर्थ फ्लोर'. तो जरा पुढे झुकून म्हणायचा, 'काय म्हणालात?' तो माणूस पुन्हा, जरा नीट, 'फोर्थ फ्लोर' म्हणायचा. एका वाक्यात 'र'च्या दोन जागा, दोनदा. मग नजरेआड होऊन लगेच नोंद. अशी २६४ माणसं. सॅक्समध्ये 'र' सर्वांत जास्त, क्लाइनमध्ये सर्वांत कमी. आणि पुन्हा विचारल्यावर, सावध झाल्यावर, तिन्हीकडे तो वाढला. गिऱ्हाईक ज्या थरातलं, त्या थराकडे नोकराची जीभ वळते. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात अर्धा तास बसलात तरी हेच दिसेल.

आपण मराठी माणसं 'र' दणकून वाजवतो, म्हणून न्यूयॉर्कमध्ये या बाबतीत आपण साहेब आणि लंडनमध्ये खेडूत.

बीबीसीने १९२६ मध्ये उच्चार ठरवायला चक्क समिती नेमली होती. अध्यक्ष राजकवी. १९४१ मध्ये, ऐन युद्धात, यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्सला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. तो शेवटी उत्तरेकडच्या लोकांना 'गुड नाइट'ऐवजी त्यांच्या पद्धतीने 'गुड नीट' म्हणे. त्यावरून तक्रारींची पत्रं आली. या आवाजात सांगितलेल्या बातम्या खऱ्या वाटत नाहीत, असा सूर होता. बॉम्ब तेच, बातमी तीच.

मग प्रमाण भाषा शिकवूच नये का?

शिकवावी, आणि चांगली शिकवावी. बोलीचं कौतुक करत प्रमाण भाषेला नावं ठेवणाऱ्यांनी स्वतःची मुलं कुठल्या शाळेत घातली आहेत ते आधी बघावं. अर्ज, करार, कोर्ट, औषधाच्या बाटलीवरची सूचना या सगळ्याला एक सामायिक माप लागतं, आणि ते माप ज्याच्या हाती नाही त्याला बाजारात लुबाडतात. वाद आहे तो शिकवताना घरची भाषा शिवी म्हणून वापरायची की पायरी म्हणून. १९७९ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावच्या काही कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने खटला झाला. न्यायाधीशांनी निकाल दिला की वाचायला शिकवताना मुलांची घरची भाषा शाळेने लक्षात घेतली पाहिजे. निकाल एवढा साधा, पण तो मिळवायला कोर्टात जावं लागलं. इंग्लंडमध्ये अजूनही अधूनमधून एखादी शाळा पालकांना यादी पाठवते की घरी हे-हे शब्द वापरू नका. आजीने जेवायला वाढताना कुठलं क्रियापद वापरावं, हे हेडमास्तरांनी ठरवायचं!

शिवाय माप तरी एकच कुठे उरलंय? अमेरिकेचं वेगळं, ब्रिटनचं वेगळं. ब्रिटिश ज्याला अमेरिकन खूळ समजतात ते 'गॉटन' आणि पानगळीला म्हणतात ते 'फॉल' ही दोन्ही जुनी इंग्लंडचीच, घरी टाकून दिलेली. आपल्या सरकारी पत्रांतलं 'डू द नीडफुल' एके काळी लंडनच्या पत्रांत सर्रास असे. तिकडे ते विटलं, इकडे टिकलं. आणि 'प्रीपोन' तर आपल्या घरी रुळलेला माल, 'पोस्टपोन'च्या साच्यात ओतलेला, ऑक्सफर्डच्या कोशातही जाऊन बसलेला. त्या कँटीनच्या रांगेत मी एकदा मीटिंग 'प्रीपोन' केल्याचं सांगितलं, तर मागचा सहकारी दोन मिनिटं विचार करून म्हणाला, 'हा शब्द आमच्याकडे का नाही?'

माझ्या शेवटच्या महिन्यात मँचेस्टरहून एकजण आमच्या टीममध्ये आला. पहिल्याच दुपारी तो माझ्या पुढे उभा होता. पाळी आली तसं म्हणाला, 'एक बेकन बार्म.' बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण चेहरा त्यांनी तोच केला. तो बिचारा बोटांनी हवेत गोल काढायला लागला.

मी मागून म्हणाले, 'त्याला कॉब हवाय, डक.'